माहेरचे पार्ट, सासरचे पार्ट

मार्च अजून सरला नव्हता, पण सोलापूरचं ऊन काही कॅलेंडर बघून येत नाही. सकाळीच सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात सायराबानूनं शटर वर ढकललं तेव्हाच पत्र्यानं बोटाला चटका दिला. "ह्या उनाला झोप न्हाय का बाबा," ती म्हणाली. ऐकायला बोळात एक कुत्रं होतं, ते आधीच सावली धरून आडवं झालेलं.

असल्या दिवसांत पंक्चरची कामं पिकल्यासारखी येतात. दारात लावलेल्या सायकलीवर ऊन चढतं, ट्यूबमधली हवा फुगते आणि मागल्या उन्हाळ्यात चिकटवलेलं ठिगळ 'आता बास' म्हणून हात सोडतं. सायराबानूनं घमेल्यात पाणी ओतलं, काल संध्याकाळी कुणीतरी टाकून गेलेल्या सायकलीची ट्यूब उपसली, हवा मारली, बुडबुडे धरले, कानस घासली, सोल्युशन लावलं, फुंकर मारून ठिगळ दाबलं. पुन्हा पाण्यात बुडवली तर बुडबुडे तसेच. भोक एकीकडं, ठिगळ दुसरीकडं.

शेजारच्या चहाच्या गाड्यावरून सुंदरम्मा बघत होती. सुंदरम्मा विणकरांच्या घरातली. घरी तेलुगू, गाड्यावर मराठी, भांडणात दोन्ही. ती म्हणाली, "एंदम्मा सायराबी, ट्यूबला टिकली लावलीस काय?"

"गप गं. डोळ्यावर ऊन आलं."

"ऊन न्हाई आलं. मल्लिनाथ यायचा हाय, म्हणून तुझं ध्यान उडालंय."

सायराबानूनं घमेल्यातली ट्यूब वर काढली. ठिगळ खरवडून काढलं, दुसरं नीट लावलं, ट्यूब टायरमध्ये कोंबून सायकल बाजूला उभी केली. मग उगाचच आपल्या जुन्या हंबर सायकलीच्या सीटवरून फडकं फिरवलं.

त्या हंबरची गोष्ट सांगण्याआधी बाईची सांगावी लागेल.

दुकान तिच्या वडिलांचं, भाड्याच्या सायकलींचं. पोरीनं गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही म्हणून तिला मागच्या खोलीत बसवायचे, आणि नुसती बसू नये म्हणून पुढ्यात मोडक्या सायकलींच्या भागांची पाटी ठेवायचे. नट एकीकडं कर, कोन एकीकडं, कॉटर पिना एकीकडं. त्यामुळं अख्खी सायकल तिनं नीट बघितली ती फार उशिरा. हाडांची ओळख आधी झाली. तेलकट अंधारात बोटांना कळायला लागलं, हा छर्रा पॅडलचा का चाकाच्या मधल्या हबचा, हा नट विलायती का आपल्याकडचा. पुढं लग्न होऊन ती वेळापूरला गेली. नवरा रज्जाक ट्रकवर ड्रायव्हर. तिच्या भावानं दुकान सोडून पुणं गाठलं तेव्हा ती नवऱ्यासकट सोलापुरात परत आली आणि मागच्या खोलीतून उठून थेट पुढं येऊन बसली. रज्जाकनं कधी गजरा आणला नाही. ट्रकवरून येताना माढ्याच्या नाहीतर करमाळ्याच्या भंगारातला एखादा जुना मडगार्ड आणायचा आणि दारातनंच ओरडायचा, "बेगम, तोहफा!" तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मडगार्ड अजून आहेत.

आता जुन्या सायकलींचे दिवस आलेत. हॉटेलवाले त्या भिंतीवर टांगतात, लग्नात नवरदेव त्यांच्यावर बसून फोटो काढतात. मग ज्याच्या त्याच्या माळ्यावरची आजोबांची सायकल खाली उतरते आणि वय विचारायला सायराबानूच्या दारात येते. आणि सोलापुरात येणारी प्रत्येक जुनी सायकल मार्शल लॉच्या वेळची असते. एकोणीसशे तीस सालच्या त्या गडबडीत जितक्या आजोबांनी सायकली दामटल्याचं त्यांची नातवंडं सांगतात, तितक्या सायकली तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात होत्या का, याची सायराबानूला शंका आहे.

माढ्याचे मानसिंग पाटील असेच एकदा टेम्पोतनं सायकल घेऊन आले. पुढच्या चाकाच्या चिमट्यावर नगरपालिकेच्या कराचे जुने पितळी बिल्ले ठोकलेले, चार बिल्ले, चार वेगळी सालं. पाटलांनी त्यातल्या सगळ्यात जुन्यावर, तीस सालच्यावर, बोट ठेवलं.

"आमच्या आजोबानं मार्शल लॉत हीच दामटली."

सायराबानूनं गुडघे टेकले, सायकलीच्या पोटाखाली बघितलं, मागच्या हबवर अंगठा फिरवला. "पाटील, तुमचे आजोबा लई म्होरं बगणारे हुते."

"व्हय की!"

"लईच म्होरं. सायकल जन्मायच्या वीस-बावीस वर्सं आदीच ती चालवली त्यांनी."

पाटील दोन महिने बोलले नाहीत. मग हुरड्याची पिशवी घेऊन स्वतःच आले, कारण घरात आणखी एक सायकल सापडली होती.

तिची रीत अशी. बिल्ला, नाव, सोनेरी रेघा यांच्याकडं ती सुरुवातीला बघतच नाही. ती तोंडाची पावडर, कुणीही लावावी. आधी चकाकी बघायची. निकल असेल तर पिवळसर दिसतं, दुधावरच्या सायीसारखं. क्रोमचा रंग निळसर, थंड. तिसाच्या आसपास विलायती सायकली निकल सोडून क्रोमवर आल्या. एकोणचाळिसात लढाई सुरू झाल्यावर विलायतेला चकाकीच परवडेना, तेव्हाच्या सायकलींचं हँडलसुद्धा काळ्या रंगात बुडवलेलं. म्हणजे क्रोम आहे आणि काळं नाही, तर सायकल तिसानंतरची, पण लढाईच्या वर्षांतली नव्हे. मग एकेक पार्ट हातात घेऊन त्याचं कुळ विचारायचं. जो पार्ट सायकलीबरोबर कारखान्यातनं आला तो माहेरचा. जो नंतर कुठल्यातरी मेकॅनिकनं घातला तो सासरचा. सासरच्या पार्टावरनं वय सांगितलं की फसगत. माहेरचा पार्ट खोटं बोलत नाही.

आणि तिचा एक कायदा होता. सोलापुरात सगळेच्या सगळे पार्ट माहेरचे असलेली सायकल असूच शकत नाही. इथलं ऊन, इथली धूळ, इथली माणसं. ऐंशी-नव्वद वर्षांत काहीच बदललं नसेल तर समजायचं, कुणीतरी आपल्याला फसवायला सगळं जमवून आणलंय.

हा कायदा तिनं इतक्यांदा इतक्या मोठ्यानं सांगितला होता, की मल्लिनाथनं तो पाठ केला.

मल्लिनाथ मूळचा अक्कलकोटचा. मंगळवारच्या बाजारात त्याचं जुन्या पार्टांचं पथारीवजा दुकान. पांढरी टोपी, कपाळाला भस्म, बोलताना अर्धं कानडी. वयानं तिच्याहून लहान, म्हणून तिला अक्का म्हणायचा, आणि अक्काला एकदा तरी धुळीत पाडायचं एवढीच त्याची हौस होती. दर वर्षी तो एक सायकल जमवून आणायचा आणि ती ओळखायची. गेल्या खेपेला पुढचं चाक एका सालचं, मागचं दुसऱ्या सालचं आणि मधली नळी तिसऱ्याची आणली, तर सायराबानूनं लांबूनच सांगितलं, "मल्ल्या, ही सायकल न्हाय, ही सर्कारी कमिटी हाय." सुंदरम्मानं ते सगळ्या सात रस्त्याला ऐकवलं. तेव्हापासनं मल्लिनाथ जेवणात चव नसल्यासारखा हिंडत होता.

पंधरा दिवसांपूर्वी तो आला आणि म्हणाला, "अक्का, ह्या वर्षी पैज लावायची. लढाईआधीची सायकल आणतो. साल सांगायचं, एक वर्ष इकडं-तिकडं चालंल. आणि सासरचे पार्ट किती, कुठले, तेबी. एक जरी चुकला तरी हरलीस."

"आणि हरले तर?"

मल्लिनाथनं भिंतीकडं बोट केलं. "ती हंबर माझी."

बाईचा स्वभाव असा, की कुणी 'घाबरलीस' म्हणायच्या आधीच तिचं 'चालतंय' निघून जातं. "चालतंय की. आणि तू हरलास तर?"

"अक्का म्हणंल ते."

ही हंबर म्हणजे दोन-दोन नळ्यांच्या चिमट्याची, बापाच्या भाड्याच्या सायकलींतली शेवटची उरलेली. त्याच सायकलीवर ती रोज नई जिंदगी वस्तीतनं दुकानात येते. पण खरं दुखणं वेगळंच होतं. जानेवारीत आसरा चौकात एका म्हशीला वाट देताना सायराबानू पडली होती, गुडघा सोलवटला होता. मुलगा तन्वीर म्हणाला, अम्मी, सायकल बंद. सून गुलनाजनं स्कूटी घेतलेलीच होती, ती म्हणाली, मी सोडत जाईन, मी आणत जाईन. घरात खूप वाद झाला. शेवटी सायराबानूनं कसम खाल्ली, "ही हंबर हाय तवर मी चालवणार. ही गेली तर दुसरी घ्यायची न्हाय, मंग तुमच्या स्कूटीवर बसंन." हंबर कुठं जातेय, या भरवशावर खाल्लेली कसम होती ती. आणि पंधरा दिवसांपूर्वी तीच हंबर तिनं आपल्या तोंडानं पैजेवर लावली.

स्कूटीवर बसायचं म्हणजे गुलनाज निघेल तेव्हा निघायचं, गुलनाज थांबेल तिथं थांबायचं, आणि गुलनाज कापडाचं एकही दुकान न थांबता ओलांडत नाही. सायराबानू रोज सकाळी वाकडी वाट करून कंबर तलावाच्या काठाला जाते, सायकल झाडाला टेकवते, पाण्याकडं बघत एक केळं खाते आणि मग दुकानात येते. हे घरात कुणाला माहीत नाही. साठी उलटलेल्या बाईकडं दिवसातला तेवढाच वेळ असा होता, ज्याचा हिशेब कुणी मागत नव्हतं.

नऊच्या सुमाराला मल्लिनाथ बोळात शिरला. सायकल हातात धरून, हळू, पालखीबरोबर चालल्यासारखा. सगळ्या सायकलीवर गोणपाट टाकलेलं. त्याच्यामागं त्याच मिनिटाला स्कूटीचा हॉर्न वाजला. गुलनाज. एका हातात टिफिन, दुसऱ्या हातात नवंकोरं गुलाबी हेल्मेट.

"ये कायकू लायी?" सायराबानूनं विचारलं.

"तुमारे वास्ते, अम्मी. साइज देखको लायी." गुलनाजनं हेल्मेट स्टुलावर ठेवलं आणि मल्लिनाथकडं बघून अशी हसली, की हा जिंकावा म्हणून हिनं दर्ग्यात फुलं चढवली असणार हे सुंदरम्मालाही कळलं.

पंच सुंदरम्मा. तिनं नियम सांगितले. पान्याला हात लावायचा नाही, फडकं चालेल. टायर-ट्यूब मोजायची नाही, रबर म्हणजे पाहुणा, आज आहे उद्या नाही. आणि वेळ एका चहाचा. कप रिकामा झाला की बोलायचं. तिनं कप सायराबानूच्या हातात दिला. सायराबानूनं तो जमिनीवर ठेवला.

"पी की," मल्लिनाथ म्हणाला.

"पिते. चहा कुठं पळून चाललाय?"

"मैंदर्गीच्या भंगारात घावली," म्हणत मल्लिनाथनं गोणपाट काढलं. विलायती राले. उंच, काळी. चैनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी कापलेली, चोची एकदम धारदार. बोळातली माणसं जमली. सायराबानूनं गुडघे टेकले.

हँडल क्रोमचं, निळसर. काळं कुठं नाही. सीटखालच्या जोडावर नंबर ठोकलेला. तिनं फडक्यानं पुसला, ओठांतल्या ओठांत वाचला. या नंबराच्या थोडी अलीकडची एक राले तिनं बार्शीत बघितली होती आणि थोडी पलीकडची एक इथंच, एका पाद्र्याच्या बंगल्यात, आणि त्या दोन्हींची सालं तिला ठाऊक होती. साल बसलं. ते सोपंच होतं.

मग पार्ट. पॅडल माहेरचं. कॉटर पिना माहेरच्या. ब्रेकच्या सळ्या, त्यांचे नट, हबच्या तेलाच्या भोकावरची फिरती पट्टी, घंटीसुद्धा. तिनं चैन पुढनं चिमटीत धरून ओढली. जुनी चैन अशी ओढली की दात सोडून वर येते. ही जागची हलली नाही. माहेरची, आणि वर कोरी. सीटचं कातडं सुरकुतलेलं, पण बसून पडतो तो खळगा त्यात नव्हता. पॅडलच्या रबराला वयानं भेगा, पण कडा वडीसारख्या नीट.

सगळंच माहेरचं. तिचा कायदा म्हणत होता की हे होऊ शकत नाही. म्हणजे यातलं काहीतरी बाहेरनं आणून बसवलंय. सीट? चैन? कोरी चैन नव्वद वर्षं कुठं होती? तिच्या जिभेवर 'चैन' आलंसुद्धा.

मल्लिनाथ मिशीवरनं बोट फिरवत होता.

"अक्का, चहावर साय आली."

"मला साय आवडती."

तिनं पुढचं चाक धरून हलवलं. टक-टक. हबमधले छर्रे धरणारे कोन पार झिजलेले. मागचंही तसंच. ही चाकं कोस न् कोस फिरली होती. मग चैन कोरी कशी? चाक फिरलं, आणि पॅडल फिरलं नाही? तिनं मुठी बघितल्या. उजवी धड होती. डावी हाताच्या घामानं झिजून बोटाएवढी झालेली. सीटच्या मागल्या कडेला एकाच जागी हात धरून धरून कातडं आरशासारखं चकचकीत. मागचं कॅरेज ओझ्यानं वाकलेलं. तिनं पॅडल उलटं फिरवलं. मागच्या चाकातला फ्रीव्हील बोलला, किर्र्र, तरण्या किड्यासारखा. जुना विलायती फ्रीव्हील असा बोलत नाही, तो सावकाश टिकटिकतो. सायराबानूनं फडकं बोटाला गुंडाळलं, दोन तारांमधनं आत घातलं, फ्रीव्हीलच्या तोंडावरचं वंगण पुसलं आणि मान वाकडी करून बघितलं.

मग तिनं फडकं झटकलं, उठली, कंबरेवर हात ठेवले आणि चेहरा एवढासा केला.

"काय झालं गं?" सुंदरम्मा घाबरली.

"काय सांगू बाई." सायराबानूनं उसासा सोडला. "मल्ल्यानं मारलं मला. सगळं बघितलं. कायच कळंना झालंय."

मल्लिनाथ भराभर पावलं टाकत हंबरजवळ गेला आणि तिच्या हँडलवर हात ठेवला, लग्नात नवरीचा हात धरतात तसा. गुलनाजनं हेल्मेटचा पट्टा सोडला. "चलो अम्मी, पैनको तो देखो."

सायराबानूनं हेल्मेट हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. "रंग ग्वाड हाय." मग खाली वाकून कप उचलला, गार चहा सायीसकट एका घोटात संपवला आणि रिकामा कप सुंदरम्माच्या हातात दिला.

"साल छत्तीस."

मल्लिनाथचा हात हँडलवरच राहिला. "हौदु. बरोबर. आणि सासरचे?"

"एक."

"कुठला?" तो हसत होता. "सीट का चैन?"

"फिरीविल."

"इल्ला!" मल्लिनाथ उडालाच. "चूक! सपशेल चूक! अक्का, ह्या सायकलीचा नटबी बदललेला न्हाय. माझ्या आज्यानं छत्तीस साली नवी आणली, तेव्हापासनं घरात..."

तो थांबला.

"घरात?" सायराबानू गोड आवाजात म्हणाली. "मगाशी तर मैंदर्गीच्या भंगारात मिळाली म्हणत हुतास."

"ते जाऊ दे. फ्रीव्हील माहेरचाच हाय."

"गुलनाज, मोबाइलका टॉर्च लगा. इदर. पढ."

गुलनाजनं नाइलाजानं टॉर्च लावला, आणि ती तारांमधनं डोकावली. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"जोर से पढ, पंचबाई को सुनना."

"मेड... इन... इंडिया," गुलनाज म्हणाली, सासूचा निकाल नव्हे तर स्वतःचाच वाचल्यासारखी.

सुंदरम्मानं चहाच्या पातेल्यावर झाकण आपटलं. "अय्यो! संपलं! सायराबी जिंकली!"

मल्लिनाथ खाली बसला. त्यानं स्वतः वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. त्याला हरल्याचं तेवढं वाटलं नाही, जेवढं कोडं पडलं. "पण अक्का, असं कसं? चैन झिजली न्हाय, चैनव्हील झिजलं न्हाय. मग फ्रीव्हीलच कसा संपला?"

"तुला ठावं हाय कसा."

"मला ठावं असतं तर मी पैज लावली असती व्हय?"

सायराबानू त्याच्याजवळ उकिडवी बसली. आवाज खाली आणला, पण बोळ अरुंद आहे आणि सुंदरम्माचे कान लांब. "सायकल पॅडल मारून चालवली तर चैन झिजती. आन् हातात धरून चालली तर? पॅडल गप उभं, चैन गप उभी. चाक फिरतंय आन् फिरीविल एकटाच आत टिकटिकतोय. टिकटिक करून करून त्याचे आतले दात झिजले, मंग कुणीतरी गुपचूप नवा घातला. मल्ल्या, ही सायकल कुणी कदी चालवलीच न्हाय. हिच्याबरोबर कुणीतरी जलमभर चाललंय."

मल्लिनाथच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळायला लागलं.

"डाव्या अंगाला," सायराबानू पुढं म्हणाली. "डावा हात मुठीवर, उजवा सीटवर, कॅरेजवर वझं. बाबा, तुझ्या आज्यानं राले न्हाय, विलायती गाढव पाळलं हुतं."

सगळा बोळ हसला. कुत्रंही उठून बसलं. मल्लिनाथनं टोपी काढून तोंड पुसलं आणि मग त्यालाही हसू आलं, आधी नाकातनं, मग भडभडून.

"आज्याचं कापडाचं दुकान," तो म्हणाला. "मोठेपणासाठी घेतली. पहिल्याच दिवशी बसला आणि देवळापुढच्या गटारात गेला, लोकांसमोर. पुन्हा बसला न्हाय. पण सायकल घरात ठेवली तर लोक म्हणणार, भ्यायला. मग चाळीस वर्षं रोज हातात धरून दुकानात. कुणी विचारलं तर म्हणायचा, पाय मोकळे करतोय."

"चाळीस वर्सं?" सुंदरम्मानं विचारलं.

"पाय लई मोकळे झाले."

"आणि तुझे वडील?" सायराबानूनं विचारलं.

"ते हवा मारून ठेवायचे."

सुंदरम्मानं गाळणी हातातच धरली. तिच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं. गेली कित्येक वर्षं हा माणूस सोलापुरात सायकली घेऊन येतोय, आणि दर वेळी हातात धरून. विचारलं की म्हणायचा, जुनी वस्तू म्हणजे देव, देवावर कोण बसतं? "मल्लिनाथअण्णा," ती फार मायेनं म्हणाली, "तुमाला तरी येते काय वो?"

मल्लिनाथ टोपीची घडी घालायला लागला. घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"अय्यो देवुडा," सुंदरम्मा म्हणाली.

सायराबानू मात्र हसली नाही. ती उठली, रालेचं स्टँड काढलं, हँडल त्याच्यासमोर धरलं. "अक्का म्हणंल ते, असंच ठरलंय ना?"

"अक्का, नको. पाया पडतो."

"पाया नंतर पड. आदी बस."

"माणसं बघतायत."

"तुझ्या आज्यालाबी माणसांनी बगितलं, म्हणून तीन पिढ्या पायी फिरल्या. बस."

मल्लिनाथ बसला. सीटच्या कातड्यानं नव्वद वर्षांत दुसऱ्यांदाच माणसाचं वजन घेतलं आणि असं करकरलं, की तो लगेच उतरायला निघाला. सायराबानूनं त्याला दाबून बसवलं. मग स्टुलावरचं गुलाबी हेल्मेट उचललं आणि त्याच्या उघड्या डोक्यावर घातलं. पट्टा गुलनाजनं बांधला. तिला राहवलंच नाही.

"म्होरं बग. चाकाकडं न्हाय, म्होरं. पाय मार!"

"अक्का, सोडू नगंस!"

"न्हाय सोडत. मार पाय!"

बोळात मल्लिनाथ निघाला. कानडीत देवाला हाका मारत, उजवीकडं नेलं तर डावीकडं जात. मागं सीट धरून साठीची सायराबानू धावत होती, आणि तिच्यामागं गुलनाज ओरडत, "अम्मी, गुडगा! गुडगा देखो!" बोळाच्या टोकाला डॉक्टरांची पाटी होती, तिथपर्यंत गेले, तिथनं वळले. परत येताना सायराबानूनं सीट सोडली. मल्लिनाथला ते कळलं नाही. चहाच्या गाड्यापर्यंत तो एकटा आला, आणि मागं अक्का नाही हे दिसल्यावर सरळ सुंदरम्माच्या बाकावर जाऊन आदळला. पडला नाही. कपबश्या पडल्या.

"उद्या सकाळी कंबर तलावाजवळ ये," सायराबानू धापा टाकत म्हणाली. "तिथं रस्ता मोकळा असतोय. आठ दिसांत शिकवते. तवर ही राले हातात धरून फिरवलीस तर टांग मोडीन."

ती बोलून गेली आणि मग तिला कळलं काय बोलून गेली. गुलनाजनं मान वळवली.

"कंबर तलाव? अम्मी, तुम रोज उदर जाते?"

सायराबानूनं फडक्यानं हात पुसले, एकेक बोट, अगदी सावकाश. "कदी कदी."

"रोज देर होती तो मैं समझती ट्राफिक है बोलको!"

"ट्राफिकच की. बदकं हायेत तितं."

गुलनाजनं तिच्याकडं बघितलं. मग हंबरकडं. कसम सासूची होती आणि हंबर अजून भिंतीला होती, त्यामुळं तिला बोलायला जागा नव्हती. टिफिन तिनं गल्ल्यावर आपटला. "ठीक है. कल से मैं बी पीछे-पीछे आती, स्कूटी पे. हळू चलाना."

"ये. पर म्होरं जायचं न्हाय. आन् हॉर्न मारायचा न्हाय."

"और हेल्मेट?"

दोघींनी मल्लिनाथकडं बघितलं. तो बाकावर बसून गार पाणी पीत होता, हेल्मेट तसंच डोक्यावर, आणि भोवती जमलेल्यांना समजावून सांगत होता की सायकल चालवणं म्हणजे सगळा डोळ्यांचा खेळ आहे.

"ते गेलं," सायराबानू म्हणाली.

तेवढ्यात केराबाई आली, भाजीची पाटी मागं बांधून फिरणारी. तिची सायकल वाटेनं खर्र खर्र आवाज करत आली. मागचं चाक वझ्यानं वाकडं होऊन ब्रेकला घासत होतं. "सायराबी, चाकाचा एवढा आऊट काढून दे गं. दहाला ऑफिसातल्या बायका बसमधनं उतरत्यात, माझी मेथी कोमेजून चालली."

सायराबानूनं पाटी उतरून सावलीत ठेवली, सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी. चाकाला एक गिरकी दिली, खडूचा तुकडा रिंगजवळ धरला. जिथं रिंग खडूला शिवली तिथली तार तिनं चावीनं अर्धा आटा सोडली, पलीकडच्या बाजूची अर्धा आटा आवळली, आणि चाक पुन्हा फिरवलं.